नाशिकहून कुचिंग आणि बाको नॅशनल पार्क: आधी काय, नंतर काय आणि लोक नेमकं कुठे चुकतात

कुचिंगची ट्रिप फसते ती बहुतेक वेळा तिथे नाही, इथे घरी बसून बुकिंग करतानाच फसते. क्रम ठरलेला असतो, आधी स्वस्त तिकीट दिसलं म्हणून फ्लाइट, मग नदीकाठचं छान हॉटेल, मग शहरातले पॉइंट, आणि जंगल काय, एक दिवस जाऊन येऊ म्हणून बाको शेवटच्या दिवशी. त्या दिवशी समुद्र खवळलेला असतो किंवा ओहोटीमुळे बोट अडकते आणि बोर्निओला जाऊन माणूस शहरातल्या मांजरांच्या पुतळ्यांसोबत फोटो काढून परत येतो. खरं म्हणजे हे सगळं उलट करायचं. शहर कुठल्याही दिवशी बघता येतं, बाकोची बोट मात्र भरती-ओहोटी बघून चालते, म्हणून जंगलाचे दिवस आधी आणि बाकी सगळं त्याच्याभोवती.

माहितीपुरतं सांगतो, कुचिंग ही बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या सारावाक राज्याची राजधानी, विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश वर. आपल्यापेक्षा घड्याळ अडीच तास पुढे.

१. महिना आणि तिथी (हो, तिथीच)

तिथे वर्षाला साधारण ४००० मिलिमीटर पाऊस पडतो त्यामुळे "पाऊस नसलेला महिना" असा शोधू नका, तसा नाहीच. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून असतो, पाऊस सगळ्यात जास्त आणि समुद्र उसळलेला, बोटी रद्द होतात. म्हणजे नेमकी आपली दिवाळीनंतरची आणि नाताळची सुट्टी. मुलांच्या शाळेमुळे त्याच वेळी जायचं असेल तर जा, पण बाकोसाठी एक दिवस जास्तीचा हातात ठेवून जा. एप्रिल-मेची सुट्टी बरी, जून ते ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडा. १ आणि २ जूनला तिथे गवाई म्हणजे सुगीचा सण असतो, बरेच लोक गावी जातात, दुकानं आणि गाड्यांचा अंदाज तेव्हा चुकतो.

आता तिथी. बाकोला जाणारी बोट नदीच्या मुखातून समुद्रात जाते, आणि तिथे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी कित्येक फुटांनी वरखाली होते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे ओहोटीही तितकीच खोल, तेव्हा बोट किनाऱ्यापासून लांब थांबते नाहीतर थांबून राहावं लागतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक कमी. हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही पण आपण नाशिकवाले, आपला समुद्राशी संबंध गणपतीपुळ्यापुरता. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर काढा, अष्टमीच्या एक-दोन दिवस पुढेमागे बाको बसतंय का बघा, मग इंटरनेटवर कुचिंगचं भरतीचं वेळापत्रक काढून त्या तारखांना सकाळी ८ ते १० ला पाणी किती असेल ते तपासा.

चेक: महिना ठरला, बाकोच्या दोन संभाव्य तारखा कागदावर लिहिल्या, तरच पुढे जा. तिकीट अजून काढायचं नाही.

२. दिवसांची मांडणी

कमीत कमी ५ रात्री धरा. त्यापेक्षा कमी असतील तर एवढा लांबचा प्रवास करू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला दिवस पोचण्यात आणि झोपण्यात जातो. दुसऱ्या दिवशी सेमेंगो, म्हणजे ओरांगउटानांचं पुनर्वसन केंद्र, कारण ते जवळ आहे, अर्ध्या दिवसात होतं आणि त्या दमट हवेची शरीराला सवय होते. तिसरा-चौथा बाको, एक रात्र तिथेच मुक्काम. पाचवा मोकळा, कुबाह किंवा गुनुंग गाडिंग या दुसऱ्या नॅशनल पार्कसाठी, आणि बाको हुकलंच तर हाच दिवस कामाला येतो. लोक मोकळा दिवस बघितला की त्यात काहीतरी कोंबतातच, कोंबू नका.

बाकोत मुक्काम का, तर लांब नाकाची प्रोबोसिस माकडं, ज्यांच्यासाठी सगळे जातात, ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी दिसण्याची शक्यता जास्त. दिवसभराची ट्रिप करणारा माणूस ९-१० ला पोचतो आणि दुपारी परत निघतो, म्हणजे नेमका भर उन्हात तिथे असतो जेव्हा माकडं कुठेतरी आत सावलीत बसलेली असतात.

मुक्कामाच्या खोल्या पार्कच्या आतच आहेत, सारावाक फॉरेस्ट्री कॉर्पोरेशनकडे आहेत, बुकिंग सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन होतं. खोल्या मोजक्या आहेत आणि स्थानिक शाळांच्या सुट्ट्या, शनिवार-रविवार आधी भरतात. फार अपेक्षा ठेवू नका, साधी सरकारी विश्रामगृहासारखी व्यवस्था.

इशारा: खोली कन्फर्म झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. हा एक नियम पाळला तरी अर्धी ट्रिप वाचते.

३. कागदपत्रं आणि प्रवास

भारतीय पासपोर्टवर मलेशियाला डिसेंबर २०२३ पासून पर्यटनासाठी ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे आणि ती वाढवत आणलेली आहे, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी अधिकृत साइटवर एकदा बघाच, कुणाच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर जाऊ नका. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग प्रिंट काढून ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते.

व्हिसा नाही म्हणजे फॉर्म नाही असं नाही. डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, बंद करा. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं भरायचं, लहान मुलांचंही.

मुंबईहून क्वालालंपूर साधारण ५ तास, तिथून कुचिंग पावणेदोन तास. इथे दोन चुका होतात. एक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटं घेऊन मध्ये दीड-दोन तास ठेवायचे. तिकिटं वेगळी असली की इमिग्रेशन करून, बॅग उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि क्वालालंपूरला टर्मिनल दोन आहेत, एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मध्ये ट्रेन पकडायची. किमान ५ तासांचं अंतर ठेवा, नाहीतर एकाच तिकिटावर सगळा प्रवास घ्या, थोडं महाग पडलं तरी. दुसरी चूक, क्वालालंपूर-कुचिंग देशातलंच विमान आहे म्हणून पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकायचा. सारावाकचं स्वतःचं इमिग्रेशन आहे, कुचिंगला उतरल्यावर पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो. हातात ठेवा, आणि किती दिवसांची परवानगी दिली ते तिथेच उभ्या उभ्या वाचा.

नाशिक ते मुंबई एअरपोर्टचं गणित तुम्हाला माहितीच आहे पण तरी, समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, मात्र आमण्यानंतर भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक तसंच आहे. फ्लाइटच्या ८ तास आधी घर सोडा. पावसाळ्यात रेल्वेच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, कसाऱ्याला काही झालं की सगळ्या गाड्या अडकतात.

तिथे गाडी भाड्याने घेऊन चालवायची असेल तर ट्रॅफिक आपल्यासारखंच डाव्या बाजूने आहे, फक्त आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट जाण्याआधी आरटीओतून काढून घ्या. निघायच्या आठवड्यात पेठ रोडला चकरा मारायची वेळ येऊ देऊ नका. पण फक्त बाको-सेमेंगो असेल तर गाडीची गरजच नाही.

४. बॅग

नाशिकची हवा कोरडी, तिथली नाही. तापमान ३२-३३ च्या वर फारसं जात नाही त्यामुळे ऐकायला सोपं वाटतं, पण घाम वाळतच नाही. जीन्स घरी ठेवा. पटकन वाळणारे टी-शर्ट, हलकी फुल पँट, मोजे दुप्पट. बूट नवीन घेऊ नका, पावसाळ्यात अंजनेरीला नाहीतर हरिहरला जे वापरता ते चालतील, तळ घासलेला नसला म्हणजे झालं. त्याशिवाय पट्ट्यांचे सँडल हवेतच, का ते बोटीपाशी सांगतो. पातळ रेनकोट, छत्री जंगलात उपयोगाची नाही. डासांचं क्रीम. झिप असलेल्या प्लास्टिक पिशव्या भरपूर, मोबाइल, पैसे आणि पासपोर्टला वेगवेगळ्या.

प्लग तिकडे तीन चौकोनी पिनचा असतो, आपला बसत नाही, अॅडॅप्टर मेनरोडवरच घेऊन टाका. कॅमेरावाल्यांसाठी, एसी खोलीतून बाहेर आल्या आल्या कॅमेरा बॅगेतून काढला की लेन्सवर आतपर्यंत वाफ धरते, बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

खाणं. थेपले, दशम्या, चिवडा, भडंग, मेतकूट न्यायला हरकत नाही आणि शाकाहारी असाल तर न्याच, पण हे हॉटेलवर खायला. जंगलात काय न्यायचं ते वेगळं, पुढे येतं.

५. कुचिंगमधला पहिला दिवस

एवढीच कामं करायची: सिम (पासपोर्ट लागतो), रोख रिंगिट (तिथलं चलन), टॅक्सीचं ग्रॅब अॅप चालू करून बघणं आणि झोप. रोख नक्की घ्या कारण बाकोच्या बाजूला एटीएम शोधत बसायची वेळ येऊ नये, यूपीआयवर अवलंबून तर अजिबात राहू नका. हॉटेलात परदेशी पाहुण्यांकडून प्रत्येक खोलीमागे रोज १० रिंगिट टुरिझम टॅक्स घेतात, तो बुकिंगच्या रकमेत बऱ्याचदा नसतो, काउंटरवर भांडू नका, तो खराच आहे.

शाकाहारी मंडळींनी इथे जरा लक्ष द्या. तिथे भाजीच्या डिशमध्ये बेलाचान म्हणजे वाटलेल्या सुकटीचा मसाला घालतात, मिडिन नावाची नेच्याची भाजी फार छान लागते पण ती बरेचदा त्यातच परतलेली असते. सारावाक लाक्सा हे तिथलं प्रसिद्ध नूडल्स, त्याचा रस्साही कोळंबीचा. "व्हेज?" विचारलं की हो म्हणतात कारण वरून भाजीच दिसते. त्यामुळे एक वाक्य पाठ करा: साया ताक माकान दागिंग, इकान, उदांग, बेलाचान. म्हणजे मांस, मासे, कोळंबी, बेलाचान खात नाही. रोटी चनाई डाळीबरोबर मिळते, तीही विचारूनच घ्या, डाळीत दुसरी करी मिसळून देतात. सगळ्यात भरवशाचं म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी खानावळी, तिथे बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, आपल्या जैन मित्रांना बरं पडतं, अंड्याचं तेवढं विचारा. मांसाहारी असाल तर हा परिच्छेद विसरा आणि मजा करा.

६. बाको, टप्प्याटप्प्याने

बाको हे सारावाकमधलं सगळ्यात जुनं नॅशनल पार्क, १९५७ चं, जेमतेम २७ चौरस किलोमीटर. शहरापासून ३७ किलोमीटरवर बाको गावाची जेटी, तिथून पुढे रस्ता नाही, बोटच.

अ) मोठी बॅग कुचिंगच्या हॉटेलात ठेवा. एका रात्रीचं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन पूर्ण बंद होणारी. हातात लटकणारी पिशवी एकही नको.

आ) सकाळी ८ च्या सुमारास जेटीवर असा. सिटी बस जाते, ग्रॅबही जाते. परतीला तिथे ग्रॅब लगेच मिळेलच असं नाही, बसची शेवटची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.

इ) जेटीवर काउंटर आहे, तिथे पार्कची नोंदणी आणि बोट दोन्ही. बोट छोटी, मोजकी माणसं बसतात, दोघंच असाल तर शेजारच्या ग्रुपला विचारून भाडं वाटून घ्या, सगळे तेच करतात. मात्र परत यायची वेळ त्यांची आणि तुमची एकच आहे का हे आधी बोलून घ्या. आणि नावाड्याला विचारा, "परत किती वाजता?" तो जी वेळ सांगेल ती पाण्यावरून सांगतो, त्यात घासाघीस नाही.

ई) लाइफ जॅकेट घाला, नुसतं मांडीवर ठेवू नका. साधारण २०-३० मिनिटं. बूट काढून सॅकला बांधा आणि सँडल घाला, कारण ओहोटी असेल तर बोट जेटीला लागत नाही, गुडघाभर पाण्यात उतरून चालत जावं लागतं. इथे दर वेळी कुणीतरी बूट भिजवतं आणि मग दोन दिवस ओल्या बुटात चालतं.

उ) मुख्यालयात पोचल्यावर पहिलं काम, नोंदवही. कुठल्या वाटेने जाताय, किती वाजता, हे लिहायचं आणि परत आल्यावर सांगायचं. शिवाय आज कुठल्या वाटा बंद आहेत ते विचारायचं, पडलेल्या झाडामुळे किंवा तुटलेल्या पुलामुळे काही ना काही बंद असतंच.

इशारा: इथल्या समुद्रात आणि नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. बोर्ड शोभेला लावलेले नाहीत. बीच कितीही निवांत दिसला तरी पाण्यात जायचं नाही, मुलांना तर पाण्याच्या कडेला एकटं सोडायचंच नाही.

ऊ) वाट कुठली निवडायची. अंतर बघून निवडू नका, वेळ बघा. तेलोक पाकू आणि तेलोक डेलिमा या वाटा एक किलोमीटरच्या आसपास, पण मुळं, चिखल, शिड्या, त्यामुळे पाऊण ते एक तास लागतो एका बाजूला. प्रोबोसिससाठी याच, संध्याकाळी ४ नंतर किंवा पहाटे उजाडल्यावर, आणि गप्प चालत. ती पानं खाणारी माकडं आहेत, माणसाकडे येत नाहीत, फांदी जोरात हलल्याचा आवाज आला की थांबून वर बघायचं. लिंतांग ही ५.८ किलोमीटरची गोल वाट, ३-४ तास धरा, वर खडकाळ पठार आहे तिथे घटपर्णी बघायला मिळतात पण सावली नाही, त्यामुळे ती सकाळी लवकर सुरू करा आणि माणशी किमान २ लिटर पाणी. झाडांवर रंगाच्या खुणा असतात, ज्या रंगाची वाट धरली तो रंग बराच वेळ दिसला नाही तर पुढे जाऊ नका, मागे फिरा.

ए) अंधार. विषुववृत्तापाशी वर्षभर साधारण पावणेसातलाच सूर्य मावळतो आणि आपल्यासारखी लांबलचक संध्याकाळ तिथे नसते, मिटून घेतल्यासारखा काळोख होतो. जंगलात तर सहालाच दिसेनासं होतं. साडेपाचला मुख्यालयाजवळ असलंच पाहिजे.

ऐ) मुख्यालयाभोवतीची लांब शेपटीची माकडं. ब्रह्मगिरीच्या वाटेवर हातातली पिशवी कशी जाते हे माहिती असेल तर तेच इथे, फक्त ही जास्त सरावलेली आहेत. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज पुरतो. कॅन्टीनमध्ये ताट ठेवून पाणी आणायला गेलात की ताट गेलं. खोलीची खिडकी-दार बंद, ओले कपडे बाहेर वाळत टाकू नका. माकडाने काही उचललं तर ओढाताण करायची नाही, चावलं तर रेबीजच्या इंजेक्शनसाठी थेट कुचिंगला परत, ट्रिप तिथेच संपली. जंगलात खायला न्यायचं ते चिक्की, खजूर, राजगिऱ्याची वडी असं, सॅकच्या तळाशी, बंद डब्यात. चिवडा नको.

ओ) रात्री. रेंजर नाइट वॉक काढतात, पोचल्यावर लगेच नाव द्या. कोलुगो दिसू शकतो, म्हणजे एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाणारा प्राणी. मुख्यालयाजवळच्या झुडपांत हिरवा विषारी साप तासन्‌तास एकाच फांदीवर बसलेला असतो, आपल्या आंबोलीच्या चापड्याच्या नात्यातलाच. म्हणून कठड्याला किंवा फांदीला न बघता हात लावायचा नाही, दिवसाही.

चेक: निघायच्या दिवशी सकाळी मुख्यालयात परतीच्या बोटीची वेळ पुन्हा एकदा पक्की करा. त्याच दिवशी संध्याकाळचं विमान ठेवायचं नाही.

७. सेमेंगो

हे नॅशनल पार्क नाही, ओरांगउटानांचं पुनर्वसन केंद्र आहे, १९७५ पासूनचं, शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. खायला घालायच्या वेळा दोन, सकाळी ९ ते १० आणि दुपारी ३ ते ४. लोक ९ ला गेटवर पोचतात, पण गेटपासून खायला घालतात ती जागा सव्वा किलोमीटरच्या वर आत आहे. ८ ला पोचा.

ते प्राणी मोकळे आहेत. जंगलात फळं भरपूर असली की खाली येतच नाहीत, साधारण नोव्हेंबर ते मार्च हे जास्त होतं. पैसे भरले म्हणून दिसलंच पाहिजे असा सूर लावणारे आपलेच लोक असतात, तिथला कर्मचारी काय करणार. सकाळी नाही दिसला तर दुपारी पुन्हा या, म्हणूनच हे दुसऱ्या दिवशी ठेवलंय. फ्लॅश बंद, खाण्याची पिशवी आत नाही, आणि मागे व्हा म्हटलं की लगेच मागे.

८. मोकळा दिवस: कुबाह की गाडिंग

गुनुंग गाडिंगला फक्त एका कारणासाठी जायचं, रॅफ्लेशिया हे अवाढव्य रानफूल फुललेलं असेल तर. कळी कित्येक महिने वाढते आणि फूल ४-५ दिवसांत काळं पडतं, त्यामुळे आधी ठरवून जाताच येत नाही. कुचिंगला पोचल्यापासून रोज हॉटेलवाल्याकडून पार्कला फोन करून घ्या, आज फुललंय का आणि कितवा दिवस आहे हे दोन्ही विचारा. हो म्हणाले तरच लुंडूपर्यंत दीड-दोन तासांचा प्रवास करा. नुसतं "नशीब आजमावू" म्हणून जाऊ नका.

नाही म्हणाले तर कुबाह, शहरापासून २०-२२ किलोमीटर. ताडामाडाच्या जातींसाठी आणि बेडकांसाठी नावाजलेलं, धबधब्याची वाट आहे. पाऊस झाल्यावर जळवा असतात, पँट मोज्यात खोचा. बेडकांचं तळं संध्याकाळनंतरच खरं, पण तेव्हा परतीची गाडी आधी ठरवलेली हवी, रात्री गेटवर उभं राहून ग्रॅब शोधणं म्हणजे डासांना आमंत्रण.

९. परत आल्यावर

कपडे-बूट लगेच धुवून उन्हात टाका, दमट वास बसला की जात नाही.

आणि एक गोष्ट डॉक्टरच्या बाबतीत. सारावाकच्या जंगलात माकडांमधून माणसात येणारा मलेरियाचा एक प्रकार आहे, प्लास्मोडियम नोलेसी, तो वेगाने वाढू शकतो. डेंग्यूही आहे. जाण्याआधी फॅमिली डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि परत आल्यावर पुढच्या महिना-दीड महिन्यात ताप आला तर व्हायरल म्हणून क्रोसिनवर काढू नका. दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा की बोर्निओच्या जंगलात राहून आलोय, अमुक तारखेला आलोय. नाहीतर नाशिकमध्ये पावसाळ्यात ताप म्हटलं की फक्त डेंग्यूची टेस्ट होते, मलेरियाची स्लाइड तुम्ही सांगितल्याशिवाय होईलच असं नाही.